जुनी पिकअप गाडी रोजच्या कामास लावतांना

बैल विकत घेतांना आपला शेतकरी किती दक्ष असतो, हें कोणास सांगावयास नको. तो दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो, आणि शिंगांस लावलेल्या रंगाकडे मात्र लक्षही देत नाहीं. तोच शेतकरी जुनी मोटार घेण्यास गेला म्हणजे त्याची ही सर्व विद्या कोठें जाते न कळे. तो बाहेरचा रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि इसार देऊन मोकळा होतो. आम्हींही असेंच केलें, व त्याची शिक्षा आम्हांस थोडक्यांत भोगावी लागली. ती इतरांच्या वांट्यास येऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आज खेडोपाडीं बैलगाडीचीं पुष्कळशीं कामें पिकअप गाडीकडे आलीं आहेत. पुढें दोघांतिघांस बसावयाची जागा, मागें उघडा हौदा आणि पोटांत डिझेलचें इंजिन, अशी ही सुटसुटीत गाडी होय. महिंद्र कंपनीचा जीपगाड्यांचा व्यवसाय स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाला. टाटा कंपनीनें टाटामोबाईल ही गाडी १९८८ सालीं आणली. २००० सालीं बोलेरो आली, आणि पुढें तिच्या नांवाच्या पिकअप गाड्या गांवोगांव दिसूं लागल्या. या गाड्यांचा मोठा गुण असा कीं, त्या संख्येनें पुष्कळ असल्यामुळें त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारांत मिळतात. आणि त्यांतील जुन्या घडणीच्या गाड्यांत डिझेल पुरविणारा पंप निव्वळ यांत्रिक असल्यामुळें गांवचा मिस्त्रीही त्याचें काम जाणतो. नवी गाडी कर्जावांचून सहसा येत नाहीं, आणि कर्जाचा हप्ता पाऊस पडो वा न पडो, ठरल्या दिवशीं दारांत उभा राहतो. म्हणून दूध पोंचविणें, भाजीपाला बाजारांत नेणें, खतें व बियाणें आणणें, अशा रोजच्या कामास जुनी गाडी नीट करून वापरणें हें शहाणपणाचेंच आहे. चूक होते ती दुरुस्तीच्या क्रमांत.

आमची हकीकत

आमचें गांव जुन्नर तालुक्यांत आहे. आम्हीं व आमच्या पुतण्यानें मिळून चौदा वर्षें वापरलेली एक पिकअप १,८५,००० रुपयांस घेतली. रोज पहांटे दूध संकलन केंद्रावर नेणें, आठवड्यांतून दोनदां भाजी बाजारांत घालणें, आणि भाव बरा असेल तेव्हां माल कल्याणला नेणें, असा बेत होता. गाडी घेतल्यावर दुरुस्तीस लागलेला खर्च आमच्या वहींत असा लिहिलेला आहे: पंप व नोझल यांची दुरुस्ती १४,०००, क्लचची प्लेट व तदनुषंगिक काम १३,०००, हौद्याचा पत्रा, बैठका व रंग ३१,०००, आणि ब्रेकच्या सदराखालीं तेलाची एक लहान बाटली, १५० रुपये. एकूण ५८,१५०. गाडी नव्या नवरीसारखी दिसूं लागली, व गांवांत आमचें कौतुकही झालें.

पुढच्याच महिन्यांत टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही कल्याणास निघालों. पहांटेच्या अंधारांत माळशेज घाट उतरत होतों. पुतण्या गाडी चालवीत होता व आम्ही शेजारीं बसलों होतों. गाडी वरच्या गिअरांत ठेवून ब्रेक दाबीत दाबीत त्यानें उतरण चालविली होती, आणि आम्हांसही त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. निम्मा घाट उतरल्यावर जळका वास येऊं लागला. थोड्या वेळानें तो म्हणाला, “काका, पाय खालीं जातोय.” ब्रेकचें पेडल तळास टेकलें होतें आणि गाडी थांबत नव्हती. पोरानें धीर सोडला नाहीं. त्यानें एकेक गिअर खालीं आणला, हातब्रेक ओढला, आणि समोरून कोणी येत नाहीं असें पाहून गाडी डोंगराच्या बाजूस घांसत नेली. अखेर कडेच्या चरांत चाक उतरून ती उभी राहिली. पंधरावीस क्रेट रस्त्यावर सांडले, नवा रंग एका बाजूनें खरवडून निघाला. माणसास इजा झाली नाहीं. दरी दुसऱ्या बाजूस होती, हें आमचें पूर्वपुण्य.

मागाहून मागील चाकांचे ड्रम उघडले तेव्हां लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेले आढळले. डाव्या चाकाच्या सिलिंडरांतून तेल पाझरून लायनरवर पसरलें होतें, आणि टांकींतील ब्रेकचें तेल काळ्या चहासारखें झालें होतें. हें सर्व नीट करण्यास ११,४०० रुपये लागले. यांत मिस्त्र्याचा दोष नाहीं. ड्रम उघडून पाहा असें आम्हीं त्यास सांगितलेंच नव्हतें. ३१,००० रुपयांचा कळस आम्हीं आधीं चढविला आणि ११,४०० रुपयांचा पाया मागें ठेविला, एवढाच याचा अर्थ.

यावरून आम्हीं एक नियम बांधला तो असा: जुन्या गाडींत जें तिला थांबवितें तें आधीं, जें तिला रस्त्यावर सरळ धरतें तें त्यानंतर, जें इंजिनास थंड ठेवतें तें तिसरें, जें तिला चालवितें तें चौथें, वीज व दिवे पांचवे, आणि जें केवळ शोभा देतें तें सर्वांच्या शेवटीं. पैसे अपुरे पडले तर शेवटचें काम राहावें, पहिलें राहूं नये. पुढें या क्रमानेंच विवेचन केलें आहे. मात्र त्यापूर्वीं, म्हणजे पैसे देण्याच्याही आधीं, दोन गोष्टी पाहाव्या लागतात: कागद आणि सांगाडा.

कागदपत्रें

महसूल खात्याच्या दप्तरांत आमचा जन्म गेला, म्हणून हें आम्हांस चांगलें समजतें. जमिनीस जसा सात-बारा, तसें गाडीस नोंदणीपुस्तक. जमीन घेतांना आपण खातेदाराचें नांव, इतर हक्कांतील बोजा आणि फेरफार पाहतों. गाडी घेतांनाही तेंच पाहावें. विकणारा तोच नोंदलेला मालक आहे काय, हें पहिलें. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक व इंजिनावरील क्रमांक पुस्तकाशीं अक्षरशः जुळतात काय, हें दुसरें. यासाठीं तेलकट भाग पुसून स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावें. कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास तो उतरविण्याचा नमुना ३५ व कर्ज देणाऱ्याचें येणें-बाकी-नाहीं असें पत्र हातीं घेतल्यावांचून पूर्ण रकम देऊं नये. गाडी परराज्यांतील असेल तर तेथील कार्यालयाचा नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो.

मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० भरतात. एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत सांगितलें आहे. “नांवावर मागाहून करूं” ही सबब दोघांसही घातक आहे. पुस्तकांत ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निर्णय आहे. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च करून बसलेला शेतकरीही जुन्या नोंदीमुळें न्यायालयांत ओढला जातो. ज्यानें फेरफार न झालेल्या जमिनीचे तंटे पाहिले आहेत, त्यास याहून अधिक सांगणें नको.

मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला लागतो, ज्यास लोक पासिंग म्हणतात. गाडी आठ वर्षांहून जुनी झाली म्हणजे तो दरवर्षीं नवा करावा लागतो. विमा, प्रदूषणाचा दाखला, भरलेला कर आणि थकलेले दंड हेंही पाहून घ्यावें. दंड थकला असेल तर तो व्यवहारापूर्वीं विकणाऱ्याकडून भरून घ्यावा.

सांगाडा

इंजिन बदलतां येतें, गिअरपेटी बदलतां येते; परंतु कुजलेला सांगाडा बदलण्यापेक्षां दुसरी गाडी घेणें बरें. म्हणून गाडी उंच जागीं उभी करून, अंगावर जुना सदरा घालून, विजेरी घेऊन खालीं शिरावें. सांगाड्याच्या दोन लांब दांड्या आडव्या पट्ट्यांस जेथें जोडल्या आहेत, व पाट्यांचीं बूड जेथें बसलीं आहेत, तेथें लहान हातोडीनें ठोकून पाहावें. निकोप लोखंड खणखणीत वाजतें, गंजानें पोखरलेलें भद्द वाजतें. ताजा काळा रंग जेथें जाड थापलेला दिसेल, तेथें अधिक संशय धरावा. नव्या वेल्डिंगच्या रेषा दिसल्या तर गाडी उलटली किंवा आपटली होती काय, हें विचारावें.

शेतकऱ्याच्या गाडीस गंजाचें एक विशेष कारण असतें. रासायनिक खतें हवेंतील ओल ओढून घेतात, आणि त्यांचें ओलसर पाणी हौद्याच्या सांध्यांत उतरलें म्हणजे पत्रा व त्याखालील लोखंड झपाट्यानें खातें. सांडलेल्या दुधाचेंही तसेंच. तें आंबून लोखंडास लागतें. ज्या दिवशीं खत वाहिलें, त्या दिवशीं संध्याकाळीं हौदा स्वच्छ पाण्यानें धुऊन फाळका उघडा टाकून वाळवावा. या एका संवयीनें हौद्याचें आयुष्य वाढतें, आणि तीस पैसा पडत नाहीं.

ब्रेक

पाय दाबला म्हणजे मुख्य सिलिंडरांतील तेल नळ्यांतून चाकांपाशीं जातें, तेथील लहान सिलिंडर फांकतात, आणि लायनर ड्रमवर किंवा पॅड चकतीवर दाबले जातात. तेल दाबलें जात नाहीं म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. ब्रेकच्या तेलास हवेंतील ओल शोषण्याचा गुण आहे. डॉट-३ जातीचें ताजें तेल २०५ अंश उष्णतेपर्यंत उकळत नाहीं, असें त्याचें प्रमाण आहे; तेंच ओल शोषलेलें तेल १४० अंशांच्या सुमारास उकळूं शकतें. घाट उतरतांना सारखा ब्रेक दाबला कीं चाकांपाशीं प्रचंड उष्णता होते. तेल उकळून त्याची वाफ झाली म्हणजे पायाचा सर्व जोर वाफ दाबण्यांतच जातो, आणि पेडल तळास टेकतें. शिवाय तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. माळशेजमध्यें आमच्या गाडीस हेंच झालें.

म्हणून जुनी गाडी आणतांच चारही चाकांचे ब्रेक उघडावे. लायनर व पॅड यांची जाडी पाहावी. रिव्हेट जवळ आलेले असतील तर ते बदलावे, व एकाच आंसाच्या दोन्ही चाकांस एकदम नवे घालावे, नाहीं तर ब्रेक लावतांना गाडी एका बाजूस ओढते. चाकांतील सिलिंडरांचीं रबरें उचलून ओल दिसते काय तें पाहावें. रबरी नळ्या वांकवून पाहाव्या. भेगा असतील तर त्या नव्या घालाव्या. ब्रेकचीं रबरें रॉकेल, डिझेल किंवा इंजिनाचें तेल यांनीं कधींही धुऊं नयेत. त्यानें तीं फुगून निकामी होतात. ब्रेकच्याच ताज्या तेलानें तीं पुसावीं. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असूं शकतो, म्हणून ड्रममधील धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें टाकून द्यावें.

नंतर सर्व तेल बदलून हवा काढावी. हें दोघांचें काम आहे. मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा; आपल्या उजव्या सुकाणूच्या गाडींत तें बहुधा मागील डावें चाक असतें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाजवळील निपल सैल करून तेल बाटलींत घ्यावें, निपल आवळावा, मगच पहिल्यानें पाय सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत हें करीत राहावें, आणि मुख्य सिलिंडरावरील टांकी मध्येंच रिकामी होऊं देऊं नये. हें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें. एकदां उघडून ठेवलेली बाटली पुढच्या वर्षीं वापरूं नये.

ब्रेकास निर्वात दाबाची मदत असते ती तपासण्याची युक्ति सोपी आहे. इंजिन बंद असतां पेडल चारपांच वेळां दाबावें, मग दाबून धरून इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें म्हणजे मदत मिळत आहे असें समजावें. ही मदत इंजिन चालू असतांनाच टिकते. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करून किंवा गिअर काढून गाडी सोडण्याची वाईट संवय आपल्याकडे आहे. इंजिन बंद झालें म्हणजे दोनतीन वेळां पाय दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. गिअर काढला म्हणजे इंजिनाचा आवर सुटतो व सर्व भार ब्रेकांवर पडतो. ज्या गिअरांत भरलेली गाडी तो घाट चढली असती, त्याच गिअरांत ती उतरवावी, आणि ब्रेक सारखा न दाबतां थोडा वेळ चांगला दाबून सोडावा. हें आमच्या पुतण्यास आधीं ठाऊक असतें, तर त्या पहांटे आमचे टोमॅटो बाजारांत पोंचले असते.

सुकाणू व चाकें

पुढचें चाक जॅकवर उचलून, खालीं ठोकळा लावून, चाक वर-खालीं धरून हलवावें. खडखड झाली तर बेअरिंग सैल आहे, किंवा किंगपिन अथवा बॉलजॉइंट झिजला आहे. मग डावी-उजवीकडे धरून हलवावें; तेथें ढिलेपणा असेल तर टायरॉडचीं टोकें पाहावीं. बैलगाडीच्या आंसास वंगण न घातलें तर ती ओरडून सांगते; मोटार तसें सांगत नाहीं, एके दिवशीं चाकच सोडते. म्हणून जेथें वंगणाचे निपल आहेत तेथें पंपानें वंगण भरण्याचा वार ठरवून टाकावा. पाटे तुटले आहेत काय, मधला बोल्ट शाबूत आहे काय, हें पाहावें. पाट्यांचें काम केल्यावर यू-बोल्ट पहिल्या आठवड्यांतच पुन्हां आवळावे, कारण ते बसून सैल होतात.

टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे, असा नियम आहे. परंतु पावसाळ्यांत भरलेल्या गाडीस एवढ्यावर विसंबूं नये. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. नक्षी दाट असूनही बाजूस भेगा पडलेला म्हातारा टायर बैलाच्या घांसून गुळगुळीत केलेल्या दांतांप्रमाणें फसवितो.

इंजिन थंड राखणें

आपल्याकडील विहिरींचें पाणी जड असतें. तें रेडिएटरांत घातलें म्हणजे चुलीवरच्या हंड्यांत बसतें तसें किटण आंत बसतें. म्हणून रेडिएटर धुऊन काढून त्यांत शुद्ध केलेलें पाणी व कूलंट कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. रबरी नळ्या दाबून पाहाव्या; फार मऊ किंवा फार कडक झाल्या असतील तर बदलाव्या. रेडिएटरच्या जाळींत धूळ, कडबा व किडे अडकतात. तें पाण्याच्या हलक्या धारेनें इंजिनाच्या बाजूनें बाहेर काढावें. झांकणाचें रबर व स्प्रिंग हीं शाबूत असलीं पाहिजेत, कारण झांकण आंतला दाब राखतें आणि त्यामुळें पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं. याच कारणानें तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडणें म्हणजे तोंड भाजून घेणें होय.

इंजिन तापतें म्हणून थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट इंजिनास योग्य उष्णता लवकर येऊं देतो. तो नसला म्हणजे इंजिन थंडच चालतें, डिझेल अधिक जळतें व झीज वाढते. तापण्याचें मूळ शोधावें, थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घालावा.

इंजिन व इंधन

डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच आंत फवारलेलें डिझेल पेटतें. म्हणून दाब चांगला, हवा स्वच्छ आणि डिझेल निर्मळ, या तीन गोष्टी असल्या तर इंजिन पुष्कळ वर्षें चालतें. त्याची प्रकृति धुरावरून ओळखावी. भार असतां काळा धूर निघाला तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधीं हवेचा फिल्टर पाहावा, मग नोझल. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. थंडींत सुरू करतांना थोडा पांढरा धूर येऊन गेला तर चिंता नाहीं, हीटर प्लग तपासावे. परंतु इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला व रेडिएटरमधील पाणी कमी होऊं लागलें, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. तेलाच्या कांडीवरील तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. अशी गाडी घेऊं नये, घेतलेली असेल तर चालवूं नये.

शेतकरी ड्रममध्यें डिझेल सांठवितात व त्यांत पाणी जमतें. फिल्टरच्या तळाशीं असलेला लहान नट सैल करून पाणी वेळोवेळीं काढावें. फिल्टर बदलल्यावर नळ्यांत हवा शिरते. ती हातपंपानें काढल्यावांचून सेल्फ मारीत बसूं नये, त्यानें बॅटरी मात्र उतरते. इंजिनाचें तेल व त्याचा फिल्टर पुस्तकांत सांगितलेल्या अंतरावर बदलावा. पूर्वीच्या मालकानें तें कधीं बदललें याचा पुरावा नसेल तर गाडी आणल्याच्या दिवशींच बदलावें, व तेथून नवीन हिशेब सुरू करावा. आमच्यासारख्यांनीं पंप व नोझल यांवर आरंभींच १४,००० घालण्यापूर्वीं ५०० रुपयांच्या आंतील हवेचा फिल्टर बदलून धूर पाहावा.

वीज व दिवे

पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर सुमारें १२.६ दाखवितो, आणि इंजिन चालू असतां १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दाखवितो. तो तसा नसेल तर बॅटरीस दोष देण्यापूर्वीं पट्टा, अल्टरनेटर आणि सांगाड्यास जोडलेली जाड तार पाहावी. पुष्कळदां ही तारच गंजलेली असते. पूर्वीच्या मालकांनीं हॉर्न, गाणीं व रंगीत दिवे यांसाठीं जोडलेल्या उघड्या तारा काढून टाकाव्या, कारण आग लागते ती तेथूनच. मागील तांबडे दिवे व परावर्तक पट्ट्या यांस आम्ही शोभा मानीत नाहीं. पहांटे दूध नेणारी गाडी अंधारांत रस्त्याच्या कडेस उभी राहते; मागून येणाऱ्यास ती दिसणें हीच तिची ढाल आहे.

भार किती घालावा

सर्व दुरुस्ती झाली तरी गाडीची शक्ति नोंदणीपुस्तकांत लिहिलेली असते तेवढीच राहते. पुस्तकांत भरलेल्या व रिकाम्या गाडीचें वजन दिलेलें असतें. समजा, रिकामें वजन १,६०० किलो व भरलेलें २,६०० किलो आहे; तर फरक १,००० किलोचा. त्यांतून बसणारीं माणसें वजा करावीं. दोन माणसांचे १३० किलो धरले तर ८७० राहिले, म्हणजे पन्नास किलोच्या सतरा गोण्या. हौद्यांत तीस मावतात हें खरें, पण ब्रेक, पाटे व टायर हे सतरांच्याच हिशेबानें बनविलेले आहेत. हौद्यांत मजूर बसवून नेणें तर कटाक्षानें टाळावें. असें फुकट बसवून नेलेल्या माणसांस सामान्यतः सक्तीच्या विम्याचें छत्र मिळत नाहीं, आणि मिळालें तरी गेलेलें माणूस परत येत नाहीं.

रोजची पाहणी

गाडी रोजच्या कामाची करावयाची तर रोजची पाहणीही केली पाहिजे. धार काढण्यापूर्वीं गोठ्यांत एक फेरी मारतों, तशी गाडीभोंवतीं एक फेरी मारावी. इंजिन थंड असतांच तेलाची कांडी व रेडिएटरचें पाणी पाहावें. ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी, आणि ती उतरत असेल तर तेल ओतून समाधान न मानतां तें कोठें जातें हें शोधावें. चाकांच्या आंतल्या बाजूस ओल आहे काय पाहावें. टायर व चाकांचे नट पाहावे. दिवे लावून पाहावे. शेवटीं गाडी सुरू करून, अंगणांतून बाहेर पडण्यापूर्वीं, एकदां ब्रेक दाबून पाहावा. यास पांच मिनिटें पुरतात. एका वहींत तारीख, किलोमीटर, काय बदललें व काय खर्च आला, हें लिहून ठेवावें. उद्यां गाडी विकावयाची झाली तर ती वही रंगापेक्षां अधिक किंमत आणील.

आमच्या गाडीच्या एका बाजूवर अजून माळशेजचा ओरखडा आहे. तो रंगवून घ्यावा असें पुष्कळांनीं सुचविलें. आम्हीं तो तसाच ठेविला आहे. गाडी रोज दूध नेते, आठवड्यांतून दोनदां बाजारास जाते, आणि पुतण्या आतां घाट दुसऱ्या गिअरांत उतरवितो. ओरखड्यामुळें ती एक दिवसही थांबलेली नाहीं. ब्रेकमुळें मात्र जेथें थांबावयास पाहिजे तेथें थांबते. ज्या बंधूंस जुनी गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं तिला बैलाच्या डोळ्यानें पाहावी, जमिनीच्या डोळ्यानें तिचे कागद वाचावे, आणि रंगाचा डबा सर्वांच्या शेवटीं उघडावा, एवढीच विनंति.